मेलेल्यानं बोलायचं नाही

दादा, सोमवारी मला अलिबागला जायचंय. हृदयाची तपासणी. तुझ्या छातीत जे निघालं ते माझ्याही छातीत आहे का, एवढंच बघायचंय. "सख्खी बहीण आहात, बघून घेतलेलं बरं," असं डॉक्टर म्हणाले. बाजारातून येताना कोथिंबीर आणलेली बरी, असं म्हणावं तसं. एकदा मी टाळलं. ताप आलाय म्हटलं. आईनं कपाळाला हात लावून बघितला. आता पुन्हा टाळता येणार नाही, कारण तिनं स्वतः फोन करून नंबर लावलाय.

मला भीती वाटतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "भित्री भागूबाई" म्हणायला तुला वाट बघायला नको. जिना चढताना वाटते, चहा पिताना वाटते. वाटते म्हणून छाती धडधडते, आणि धडधडते म्हणून आणखी वाटते. त्यातच बंदरातल्या तुझ्या मित्रांनी तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय आणि मला लिहायला सांगितलंय. तू किती हुशार, किती मनमिळाऊ, ते त्यांनी लिहिलंच असेल. मी तुझ्याशीच बोलते. फक्त हे बाकीचेही वाचणार, म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही मधूनमधून सांगाव्या लागतील. चालवून घे.

पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून मागे सरतोय तोवर आलाच. भाईकाका म्हणाले, "पोराची काय इच्छा ऱ्हायली न्हाय. सुटला." सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. मनात म्हटलं, या कावळ्याला काय ठाऊक! खोत राहिलाय की अजून.

खोत म्हणजे आपल्या गेममधला शेवटचा राक्षस. त्या गेमचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. आपण त्याला नुसतं 'किल्ला' म्हणायचो, कारण सगळं समुद्रात बुडालेल्या एका किल्ल्यात घडतं. हातात तलवार आणि ढाल, आणि कोणी काही म्हणजे काही समजावून सांगत नाही. पहिल्याच दारात उभा असलेला पहारेकरी एका फटक्यात मारतो. मेलं की जमवलेलं सगळं तिथंच सांडतं आणि आपण मागच्या दिव्यापाशी जिवंत होतो. मग परत त्याच वाटेनं जायचं, सांडलेलं उचलायचं. त्याच्या आधी पुन्हा मेलं तर ते कायमचं गेलं. प्रत्येक राक्षसाला आपण घरगुती नाव दिलं होतं. वाकून वाकून चालणारी ती आत्या. मागून येऊन पाय ओढणारा पोस्टमास्तर. आणि डोक्यावर पागोट्यासारखं काहीतरी, लांब काठी टेकत सावकाश येणारा, आपल्याजवळचं सगळं काढून घेणारा तो खोत. तुला हे सगळं फार आवडायचं. मला अजिबात आवडायचं नाही, आणि तरी मी सोमवारपासून रविवारची वाट बघायचे.

पण याची सुरुवात उरणच्या आपल्या खोलीत झाली नाही, श्रीवर्धनला झाली. बाबांनी मुंबईहून आणलेला तो कॅसेटवाला व्हिडिओ गेम. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. तीन जीव, तीन संपले की पहिल्यापासून. जो मेला त्यानं रिमोट दुसऱ्याला द्यायचा, असा आपला करार होता. पण तू मेल्यावर गप्प बसायचा नाहीस. "उडी मार! अगं आत्ता उडी मार, सुजे!" मी तुझ्या ओरडण्यानं मरायचे आणि मग तुला चावायचे. भांडण मागच्या अंगणात सुपारी सोलत बसलेल्या आईपर्यंत जायचं. एकदा ती हातातलं टाकून आत आली आणि तिनं कायदाच केला. "जो मरंल त्यानं गप आडवा पडायचा. दुसऱ्याचा डाव व्हईस्तवर डोळा उघडायचा न्हाय, तोंड उघडायचा न्हाय. मेलेल्यानं बोलायचा न्हाय."

आपण तो कायदा पाळला. तू तर जरा जास्तच पाळलास. जीभ बाहेर काढून, हातपाय पसरून असा मरायचास की मला हसू फुटायचं आणि हसता हसता मीही मरायचे. मोठेपणी जीभ गेली, आडवं पडणं राहिलं. तू न्हावा शेव्याला यार्डात, कुठल्या कंटेनरवर कुठला कंटेनर चढवायचा ते ठरवणार. मी जवळच क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागद करणार. दोघांना मिळून तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, गादी जमिनीवरच. रविवारी दुपारी जेवण झालं की पडदा ओढायचा. मेलं की कंट्रोलर दुसऱ्याच्या मांडीवर टाकायचा आणि आडवं व्हायचं. पस्तिशीचा बाप्या, आठवडाभर लोकांना वॉकीटॉकीवर झापणारा, आणि रविवारी गादीवर मुकाट मेलेला. शेजारपाजारच्यांनी बघितलं असतं तर आपल्याला ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं असतं.

या गेमचे आईबाप कोण, यावर आपण किती भांडलो. कामावरून येताना बसमध्ये भांडलो, करंज्याला मासळी घेताना भांडलो. तू म्हणायचास, किल्ला हा सरळ त्या कॅसेटवाल्या गेमचा नातू. तोच उद्धटपणा. सांगायचं काही नाही, दया दाखवायची नाही, खड्डा कुठं आहे ते पडल्यावरच कळणार. "पाठ करायचं आणि हातात उतरवायचं, तबल्यासारखं," असं म्हणायचास, जन्मात तबल्याला हात न लावता. मी म्हणायचे, नाही, हा भुताच्या गेमांचा वंश. ते अंधाऱ्या बंगल्यातले गेम, जिथं बंदुकीत गोळ्या मोजक्याच असायच्या आणि दार उघडायला मुद्दाम वेळ लागायचा. तलवार नुसती दर्शनी, खरा माल भीतीचा. किल्ल्यात प्रत्येक मोठ्या राक्षसाच्या आधी धुक्याचं दार असतं. पलीकडचं काही दिसत नाही. तिथं माझे हात गार पडायचे. हे काय तबल्याचं काम आहे?

मग तू पाटी बदलायचास. खोताची मारामारी म्हणे जुन्या कुस्तीछाप गेमांतून आलेली, समोरच्याचा खांदा हलला की फटका ओळखायचा. आणि नकाशा आलाय भूलभुलैयाच्या गेमांतून. बंद दार लक्षात ठेवायचं, पुष्कळ पुढं गेल्यावर त्याची चावी मिळाली की परत यायचं. भटकून भटकून एक दार उघडावं तर आपण सुरुवातीच्याच दिव्यापाशी. "ही आपली पाखाडी गं," तू म्हणाला होतास. खरंच होतं ते. श्रीवर्धनला वाड्यांच्या मधल्या गल्लीत वळत गेलं की असंच व्हायचं, चुकलो चुकलो म्हणता म्हणता आपल्याच वाडीचं बेडं, म्हणजे फाटक, समोर. यावर मी हरले. म्हणजे हरले नाही, तेवढ्यात मासळीवाली "घेताव का नुसता बगताव?" म्हणून ओरडली आणि विषय राहिला.

खेळायची तऱ्हाही तशीच उलटसुलट. मी ढाल वर करून मागे मागे. तू ढाल फेकूनच दिलेली. खोतानं काठी उगारली की तू मागे नाही, त्याच्या अंगावर लोळायचास. लोळताना मधे एक निमिष असं असतं की काठी अंगातून जाते आणि लागत नाही. ते पकडायचं. "मागं पळालीस तर काठी लांब आहे, पोचणारच. आत घुस. आत जागा आहे." मी घुसायचे नाही. तू वैतागायचास. "अगं किती घाबरशील? मरून मरून भीती मरते, सुजे." मी म्हणायचे, भीती कुठली मरतेय, तीसुद्धा मागच्या दिव्यापाशी जिवंत होते. हा वाद अर्ध्यावरच राहिला. तू जिंकला असतास तर बरं झालं असतं. आत्ता मला उपयोग झाला असता.

धुक्याच्या दारापाशी आपला आणखी एक उद्योग चालायचा. कंट्रोलर खाली ठेवायचा आणि एकमेकांच्या छातीवर हात. कोणाचं जास्त धडधडतंय? नेहमी तुझंच. "बघ, इंजिन," तू म्हणायचास. मधेच एखादा ठोका चुकायचा, मग दोन एकदम पडायचे, आणि आपण हसायचो. मला वाटायचं, अरे वा, दादा वरून शूर आणि आतून माझ्यापेक्षा भित्रा. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश. तू मधल्या जिन्यात थांबायला लागलास, ते वजन वाढलं म्हणून. गणपतीत आरतीला उभा असताना अंधारी आली, ते उपाशी होतास म्हणून. आणि रविवारी छातीत व्हायचं ते गेममुळं. आईसुद्धा फोनवर म्हणायची, "तो गेम बंद करा रं, काळजाला बरा न्हाय." तू म्हणायचास, "अगं आई, काळजासाठीच खेळतो, व्यायाम आहे."

भाईकाका म्हणतात, त्या डबड्यानं पोराला खाल्ला. खाडीत टाकायला निघाले होते. आईनंच दिलं नाही. "त्याचा हात लागलाय त्याला," म्हणाली आणि चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलं. गेमनं तुला मारलं नाही, दादा, हे मी भाईकाकांना तोंडावर सांगितलं. पण गेमनं लपवलं, हे मला त्यांना सांगता आलं नाही. ज्याला आपण मजा म्हणत होतो तोच आजार होता आणि आपण त्यावर हात ठेवून हसत होतो. आता मी दिवसभर स्वतःच्या छातीवर हात ठेवून असते. धडधडतं, आणि मला ओळखता येत नाही. ही नुसती भीती आहे, की ते आहे?

त्या रविवारी पापलेट मिळालं नव्हतं, बोंबील आणले होते. तू दोन घास कमीच जेवलास. मी म्हटलं, एवढा माज? बोंबील चालत नाहीत आता साहेबांना? मग पडदा ओढला आणि खोतासमोर उभे राहिलो. पहिला डाव तुझा. इतका जवळ तू कधीच गेला नव्हतास. त्याच्या जिवाची लाल रेघ केसाएवढी उरली होती. मी श्वास धरून बसले होते. त्यानं काठी फिरवली, तू आत घुसलास, आणि चुकलास. एक सणसणीत शिवी दिलीस. कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकलास, "घे, तुझा डाव," म्हणालास आणि आडवा झालास. एक हात डोळ्यांवर.

मी डाव घेतला.

तुला काय सांगू, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव होता. का कोण जाणे, त्या दिवशी मी ढाल टाकली. पहिल्यांदाच आत घुसले. काठी अंगातून गेली आणि लागली नाही. मी ओरडले, "दादा, बघ! आत गेले!" तू बोलला नाहीस. मी म्हटलं, बरोबर आहे, कायदा म्हणजे कायदा. आणि हसले. मधे मागून एक आवाज आला होता, दीर्घ श्वास सोडल्यासारखा. तो तू होतास की पंखा, हे मी तेव्हापासून आठवतेय. मी वळून बघितलं नाही. खोतावरची नजर काढली की मेलंच. शेवटी मी मेलेच. कंट्रोलर तसाच मागे तुझ्या अंगावर टाकला. "घे रे. ऊठ, तुझा डाव." तो तुझ्या पोटावरून घसरला आणि गादीवर पडला.

मला वाटलं, नाटक करतोयस. मी तुला गुदगुल्या केल्या, दादा.

पुढचं मला सलग आठवत नाही. खालच्या मजल्यावरचे शेखचाचा धावत आले आणि तुझी छाती दाबत राहिले, त्यांचा घाम तुझ्या शर्टावर पडत होता. गाडी आली. हॉस्पिटलात विचारलं, "किती वेळ झाला?" मी म्हटलं, "एक डाव." त्यांना कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. दुसरं माप माझ्याकडे नव्हतं.

मी हे कोणापासून लपवलं नाही. पोलिसांना सांगितलं, काकांना सांगितलं, भेटायला येऊन ओटीवर बसलेल्या सगळ्या बायकांना सांगितलं. तो गेला तेव्हा मी खेळत होते, कारण मेलेल्यानं आडवं पडायचं असा आमचा नियम होता. सगळ्या माझ्याकडे बिचारी म्हणून बघायच्या. धक्का बसलाय, काहीही बोलतेय. एक आईलाच कळलं. ती उठून मागच्या पडवीत गेली. मी मागोमाग गेले तर पाण्याच्या पिंपाला धरून उभी. "मीच घातलेला कायदा तो," म्हणाली, "तुमी पोरा भांडू नये म्हनून." मी म्हटलं, आई, तुझा काय संबंध, आम्ही मोठे घोडे, आम्हीच खेळत होतो. तिनं ऐकलं की नाही देव जाणे. पदर तोंडाला लावून ती तशीच उभी राहिली. त्यानंतर आम्ही दोघी त्यावर बोललेलो नाही. नंतर मी डॉक्टरांना विचारलं, लगेच वळून बघितलं असतं तर? ते खरं बोलले. सांगता येत नाही, म्हणाले. खोटं बोलले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

पोस्टमॉर्टेममध्ये कळलं की तुझ्या हृदयाची एक भिंत नको इतकी जाड झाली होती. हे घराण्यात चालत येतं म्हणे. तेव्हा बाबांचा विषय निघाला. तू बारावीत होतास. बाबा वाडीत पाटाच्या कडेला पडलेले सापडले. पाटावर शेवाळ होतं, म्हणून पाय घसरला असं सगळे म्हणाले आणि आपणही तेच म्हणत आलो. डॉक्टर म्हणाले, आता कोण सांगणार, पण तेही असू शकेल. म्हणजे आधी बाबा. मग तू. आडवी झाले की हेच डोक्यात येतं आणि मी उठून बसते. पाठीवर झोपणं मला तेव्हापासून जमत नाही. भिंतीला टेकून झोपते, आणि आईही पलीकडच्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत असते.

खरं सांगू? निघालं तर आईचं काय होईल, ही माझी दुसरी भीती आहे. पहिली भीती आहे ती मी मरेन ही. उगीच तुझ्यासमोर चांगुलपणा कशाला करू? तुझ्या मरणाचं रडू येतं तेव्हा त्यातलं थोडं माझं माझ्यासाठीच असतं. तुला हे चाललं असतं. तू म्हणाला असतास, सुजे, निदान खरं तरी बोलतेस.

सोमवार झाला. हे पुढचं आज, मंगळवारी लिहितेय.

श्रीवर्धनहून पहाटेच्या एसटीनं गेलो. आईनं डब्यात घावन घेतले होते, दोघींनीही खाल्ले नाहीत. दवाखान्यात आधी छातीला वायरी लावून कागद काढला. मग आतल्या खोलीत मशीनवरच्या बाई म्हणाल्या, "डाव्या कुशीवर झोपा. हलू नका, बोलू नका." मी आडवी झाले आणि ताडकन उठून बसले. त्या म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "गप्प राहून मला आडवं पडता येत नाही. मी बोलत राहिले तर चालेल का?" त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रोज घाबरलेली माणसं बघतात बिचाऱ्या. "बोला," म्हणाल्या, "श्वास धरा म्हटलं की तेवढं थांबा." मग छातीवर ते गार गार जेल, आणि मी बोलत सुटले. आत्या कशी चालते, पोस्टमास्तर कुठून येतो, धुक्याचं दार कसं असतं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "मग ती आत्या मेली का?" मी म्हटलं, "हो, माझ्या भावानं मारली." पडद्यावर माझं हृदय उघडमीट करत होतं. मी तिकडे बघितलं नाही. बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि एका जागी त्यांचा हात थांबला, पुन्हा तिथंच आला, पुन्हा थांबला. मला तिथंच कळलं.

डॉक्टर म्हणाले, "आहे. तुमच्या भावाइतकं नाही, पण आहे." गोळी आजपासून सुरू. धावायचं नाही, जड उचलायचं नाही. मुंबईला आणखी तपासण्या, मग खांद्याखाली एक छोटं यंत्र बसवायचं का ते ठरेल. हृदय भलतंच धावायला लागलं तर ते यंत्र आतून धक्का देऊन ताळ्यावर आणतं. माझ्या तोंडातून पहिला प्रश्न काय बाहेर पडला माहितीय? "व्हिडिओ गेम खेळलेला चालेल का?" त्यांनी विचारलं, कसला? मी थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "पत्ते खेळा." म्हणजे खोत राहिला. माझ्याकडून तरी कायमचाच राहिला.

आई बाहेर बाकावर पिशवी मांडीवर धरून बसली होती. दरवाजापासून तिच्यापर्यंत चालत जाताना मी तीन खोट्या गोष्टी तयार केल्या. थोडंसं आहे. अजून नक्की नाही. पुन्हा बोलावलंय. तिनं मान वर केली. "काय झाला?"

"आहे, आई. दादासारखंच. पण लवकर कळलंय."

मला वाटलं, आता ही इथंच कोसळणार. ती उठून उभी राहिली. माझ्या खांद्यावरची पर्स काढून स्वतःच्या खांद्याला लावली. "चिठ्ठी दे ती. आधी गोळ्या घेऊ, मंग बाकी." जिन्यापाशी आल्यावर म्हणाली, "हळू. कोन मागं लागला न्हाय." औषधाच्या दुकानात तिनं त्या पोऱ्याला एकाच गोळीबद्दल इतके प्रश्न विचारले की मागे रांग लागली आणि तो रडकुंडीला आला. एसटीत मला खिडकीशी बसवलं आणि माझं मनगट धरलं. तिला नाडी बघता येत नाही, दादा. चुकीच्या बाजूनं धरलं होतं. श्रीवर्धन येईपर्यंत सोडलं नाही. म्हसळ्याच्या पुढं घाटात गाडी हलायला लागली तेव्हा फक्त एकदा, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना कुनी त्याचा आधी सांगितला असता तर त्याला पन असाच धरून ठेवला असता."

आता जे लिहितेय त्याला कालपासून धीर होत नव्हता. तू गेला नसतास तर मला हे कळलंच नसतं. मीही जिन्यात थांबले असते आणि वजन वाढलं म्हटलं असतं, रविवारी छातीवर हात ठेवून हसले असते. आणि एके दिवशी त्या गादीवर मी आडवी झाले असते आणि डाव तुझा असता. तुझ्या जाण्यानं मी वाचणार आहे, कदाचित पुष्कळ वर्षं. याला काय म्हणायचं असतं, मला माहीत नाही. आभार म्हणायला गेलं की जीभ जळते. नाही म्हटलं तर खोटेपणा होतो. तू वाटेल तेव्हा मला रडवलंस, शंभर वेळा भित्री म्हटलंस, आणि जाताना मला जीव देऊन गेलास. आणि तुला ते ठाऊकही नाही.

मला जगायचंय, दादा. तू नसलेल्या घरात जगायचंय, असं लिहिताना लाज वाटते, पण जगायचंय. केस पांढरे व्हायला हवेत मला. आईच्या आधी जायचं नाहीये. भीती तसूभर कमी झालेली नाही, उलट आता तिला नाव मिळालंय आणि डबीत गोळ्या मिळाल्यात. काल पहिली गोळी आईनं माझ्या जिभेवर ठेवली, लहानपणी प्रसाद ठेवायची तशी.

ती आतून हाक मारतेय. जेवून गोळी घ्यायची आहे, पान वाढून बसलीय. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे तिनंच आपल्याला शिकवलं. उरणला मी तुझ्याआधी कामाला निघायचे तेव्हा रोज दारातून "येते रे" म्हणायचे आणि तू आतून "ये" म्हणायचास. आज तुला तसं म्हणायची मला भीती वाटते. रागावू नकोस.

जाते मी, दादा.